खापरातला इस्तू

२२ नोव्हेंबर १९७१

साखर कारखान्यात बॉयलरवर हुतो तवा दर पाळीला वही लिवावी लागायची. वाफेचा दाब किती, पानी किती, शेवटी शेरा. आता नोकरी सुटली, पन हाताची सवय सुटंना. म्हनून ही वही. शिकलो मराठी तिसरीपातुर. अक्षराला हसायला घरात कुनी न्हाई, तवा चालतंय.

थंडी लई. सारी उमर भट्टीच्या तोंडापुढं गेली, थंडी कशाला म्हनत्यात ठावंच न्हवतं. लोक घोंगड्या घेऊन पाळीला यायचे, मी उघड्या अंगानं भट्टीत बगॅस, उसाचा चोथा, ढकलायचो. आता घरात बसून दात वाजत्यात. घर फंडातनं बांधलं. भिंती पक्क्या इटाच्या, वर पत्रा. पन बायकूनं, मनकर्णेनं हट्ट धरला, उन्हाळ्यात पत्रा तापतो, वारं खेळलं पायजे. चारी भिंतींना वर इटांच्या जाळ्या ठेवायला लावल्या. वैशाखात बरं वाटतं. आता चाळनीत राहतोय. भवताली ऊस, मागं पाट, सगळा गारठा जाळीतनं माझ्या अंगावर. ती आखाडात गेली, जाळ्या मला ठेवून गेली.

दिवाळीला कानिफ आल्ता. पिंपरीला कंपनीत हाय. म्हनला, "आबा, मागल्या हिवाळ्यात छाती भरली तवा आई हुती. आता कोन हाय? संक्रांतीला येतो. तब्येत ढासळलेली दिसली तर घर इकायचं, तुमाला घेऊन जायचं."

म्हनलं, "बघू."

"बघू न्हाई, ठरलं."

माझ्याच पोटचं. त्याच्या खोलीवर एकदा राहून आलोय. भितीपल्याडच्या मानसाचा रेडिओ सगळा ऐकू येतो, पन त्याचं नाव काय ते कानिफला ठावं न्हाई.

तवा संक्रांतीपातुर धडधाकट राहायचं. दुसरं काम न्हाई.

शेरा: काई न्हाई.


२४ नोव्हेंबर

जुन्या बादलीची शेगडी केली. खाली भोक पाडलं, मधी गज बसवले, आतून मातीचं लिंपन. लोनारी कोळसा श्रीरामपूरच्या बाजारातनं आनला. पहाटं पेटवली. धूर म्हनून न्हाई. आग पेटवायची मला कुनी शिकवू नये.

चांदबी आली. ही शेजारीन. तिचा मालक माझ्याच पाळीला हुता, वारला. ल्योक सत्तार उसाच्या ट्रकवर डायवर, आठवड्यात एकदा घरी दिसला तर दिसला. मनकर्णा गेल्यापासून ही बाई रोज सकाळी खापर घेऊन दारात उभी. "पुंजाभाऊ, चुलीला इस्तू द्या वाईच." काड्याची पेटी म्हनून घेत न्हाई. अन् आली की इस्तू घेऊन जावं का न्हाई? दार उघडं टाकून उभी राहनार. चहा केला का, रात्री खोकत हुता का, भाकरी कुनी केली. मी म्हनतो, इस्तू इझंल, जा.

तिच्या घरातनं धूर कवा दिसत न्हाई. माझा इस्तूच तसा असतो.


२७ नोव्हेंबर

इटा तापवून जुन्या धोतरात गुंडाळल्या अन् पायाशी घेतल्या. पाय तापले. मग धोतर बी तापलं. मग गोधडी. पहाटं उठून अंगनात नेऊन इझवली.

चांदबी म्हनली, "काय भाजलं वो आज? वास लांबपातुर आला."

"वांगं."

"गोधडीचं व्हय?"

लई बोलती.


५ डिसेंबर

लढाई सुरू झाली. भीमा कोतवाल दवंडी देऊन गेला, अंधार पडला की घराबाहेर उजेड दिसता कामा नये. नगरला लष्कर हाय, इकडं कारखाना. माझ्या दारात थांबून म्हनला, "पुंजाभाऊ, तुमच्या जाळ्यांतनं शेगडीचा लाल उजेड पडतो. इमानवाल्याला वाटंल कारखानाच हाय."

"त्याला म्हनावं खाली ये, चहा पी."

"मस्करी नका करू. वरून हुकूम हाय."

हुकूम म्हनजे हुकूम. चारी जाळ्यांत गोनपाट कोंबलं, वरून शेनमाती लिंपली. दाराच्या फटीला धोतराचा उरल्याला तुकडा. दुपार गेली त्यात. खाली उतरून बघितलं तर वारं बंद. एकदम बंद. पयल्यांदा वाटलं घर बांधलंय.


७ डिसेंबर

झ्याक. एक शेगडी पेटवली की सगळी खोली उबदार. मनकर्णेला मागला सगळा हिवाळा सांगत हुतो जाळ्या बुजव. ती म्हनायची, "तुमचा धूर जाईल कुठनं?" म्हनलं, माझ्या शेगडीला धूर नसतो. तर म्हनायची, "दिसत न्हाई म्हनून नसतो का?" तिचं असलंच.

आता कळाया पायजे हुतं तिला.


१० डिसेंबर

गिरनीत कुनीतरी चांदबीला लढाईवरनं टोमना मारला म्हनं. काय बोलला ते ती सांगंना. पन कालपासून दळन तसंच दारात. मी माझं पायलीभर घेतलं, तिचं बी पाठीवर टाकलं. म्हनली, "राहू द्या, सत्तार आला की जाईल."

म्हनलं, "मला जायचंच हाय. तुझं राहिलं तर उंदरं खातील अन् माझ्या घरात येतील."

गिरनीत तिचं पोतं आधी लावलं. मोठ्यानं सांगितलं, चांदबीचं हाय, बारीक काढ. कुनी काय बोललं न्हाई. बोलतंय कोन.

माझ्या डब्यात आधीचंच पीठ भरल्यालं हुतं, हे घरी आल्यावर ध्यानात आलं. असू दे. पीठ काय नासत न्हाई.


१४ डिसेंबर

दोन-तीन दिस सकाळी डोस्कं धरतंय. तंबाकू बदलली त्याचं असंल. चांदबी आत आली तर नाकाला पदर. "कसला वास हाय वो घरात? दार उघडं ठेवा वाईच."

"उघडं ठेवाया न्हाई बुजवलंय."

तरी गेली ती दार उघडं टाकूनच. वारं आलं अन् सगळी ऊब गेली. थोड्या वेळानं डोस्कं मातुर उतरलं. तंबाकू सोडायला पायजे.


१८ डिसेंबर

लढाई संपली. जिंकलो. कारखान्यावर पेढे वाटले. मला कुनी बोलावलं न्हाई, पन भीमानं एक आनून दिला. सगळ्यांनी खिडक्यांचे काळे कागद काढले. भीमा म्हनला, "तुमी बी उघडा आता."

म्हनलं, हुकमानं बुजवलं, उघडायचा हुकूम आला की बघू.

चांदबीची तीच टकळी. "भाभीनं हौसेनं ठेवल्याल्या जाळ्या. काढा ते गोनपाट."

संक्रांत जवळ आली. माझी छाती साफ हाय. खोकला न्हाई. जाळ्या बुजल्या म्हनूनच. उगा कशाला काढू?


२३ डिसेंबर

थंडी वाढली. पाटाकडच्या उसावर सकाळी पांढरं दिसलं. डोस्कं रोजचंच. खुर्चीतनं उठलं की अंधारी येती. वय झालं.

घासलेटात भेसळ हाय. कंदिलाची वात वर केली तरी जाळ बारीकच राहतो, लाल पडतो. दुकानदाराला जाऊन झापला. तो म्हनला, बाकी कुनाची तक्रार न्हाई. म्हनलं, बाकीच्यांना आगीतलं काय कळतंय?


२७ डिसेंबर

आज टोक झालं. आत्ताशी कुठं खोली तापल्याली अन् ही आली. दार सताड उघडं. जाळीकडं बघत उभी. इस्तू खापरात टाकून झाला तरी हलंना.

दुपारी दुकानातनं काड्याची पेटी आनली अन् तिच्या हातावर ठेवली. म्हनलं, "ही घे. संपली की सांग, दुसरी आनीन. उद्यापासून थंडीचं यायचं काम न्हाई."

ती पेटीकडं बघत राहिली. म्हनली, "बरं."

येवढंच. हे आधीच सुचाया पायजे हुतं.


२८ डिसेंबर

कुनी आलं न्हाई. शांत. शेगडी लवकर पेटवली, लवकर तापली.

शेरा: काई न्हाई.


३० डिसेंबर

शेरा: काई न्हाई.


१ जानेवारी १९७२

साहेब लोकांचं नवं वरीस. नोकरीत असताना आज चीफ साहेब बॉयलरवर येऊन हात मिळवायचा.

सकाळी चहा केला तर सवयीनं चार निखारे बाजूला काढून ठेवले. ठेवल्या ठेवल्या राख झाली. कोळसा वाया.

दार दिवसभर बंद हुतं. खोली उबदार हाय, पन पाय काय गरम व्हईनात. मोजे घातले, मनकर्णेची शाल घेतली. काय फरक न्हाई. शेगडी खाटंजवळ ओढली पायजे.


३ जानेवारी

आज दिवसभर तोंडातनं शबूद निघाला न्हाई. दुपारी भीमा रस्त्यानं गेला तवा हाक मारावी म्हनलं, तर आवाज खरखरला. त्याला ऐकू गेलं न्हाई. काम बी काय न्हवतं त्याच्याकडं.

शेगडी खाटंला लावली. कोळसा दुप्पट. तरी गार.


५ जानेवारी

आजच लिवतो. बॉयलरवर अपघात झाला तर त्याच दिवशी लिवायचा, असा नियम हुता.

पहाटं शेगडी भरून पेटवली अन् आतून कडी लावून परत आडवा झालो. मग काय ध्यानात न्हाई. कुनीतरी लांबून हाक मारतंय असं वाटलं. मनकर्णेचा आवाज न्हवता. उठावं म्हनलं तर पाय माझे न्हाईत. मग तोंडावर ढेकूळ पडलं. मग दुसरं. डोळ्यात माती. वर बघितलं तर जाळीतनं बांबूचं टोक आत-बाहेर करतंय अन् गोनपाट खाली लोंबतंय. गार वाऱ्याचा झोत आला. रांगत दारापातुर गेलो, कडी काढली, अन् ओट्यावर उलटी झाली.

चांदबी वलनीचा बांबू घेऊन उभी. म्हातारीच्या अंगात येवढं बळ कुठनं आलं? डोक्यावर पानी ओतलं माझ्या. असल्या थंडीत. म्हनली, "दार ठोकलं, हाका मारल्या, मेल्यागत पडलेला."

म्हनलं, "तू आलीस कशाला? पेटी दिली हुती ना?"

म्हनली, "काड्या सादळल्या."

असल्या कोरड्या थंडीत काड्या सादळत्यात? दुकानदार लबाड हाय. आधी घासलेट, आता काड्या.

मग घरनं चहा आनला, गरम, गूळ जास्त घातल्याला. कप धरवंना तर तिनंच धरला. म्हनली, दवाखान्यात चला. मी न्हाई म्हनलं. म्हनलं, "चांदबी, कानिफला यातलं काय सांगायचं न्हाई. तो घर इकंल."

ती व्हय म्हनली न्हाई, न्हाई बी म्हनली न्हाई. बांबू उचलून घरी गेली.


६ जानेवारी

उन्हात बसून हाय. डोस्कं हलकं झालंय तसं सगळं कळतंय. भट्टीत हवा कमी पडली की जाळ लाल पडतो, सुस्त व्हतो. नव्या भरतीला पयला धडा मीच द्यायचो हा. कंदील पंधरा दिस तेच सांगत हुता. मी दुकानदाराला शिव्या घातल्या. मनकर्णेला बी घातल्या. तिला भट्टीतलं काय बी कळत न्हवतं, पन बरोबर ती हुती.

चारी जाळ्या उघडल्या. मग दोन अर्ध्या झाकल्या, जिकडनं पाटाचं वारं येतं तिकडची अन् तिच्या समोरची. बाकीच्या समोरासमोरच्या दोन उघड्या. शेगडी अंगनात पेटवायची, निखारे लाल झाले की घटकाभरच आत, निजायच्या आत बाहेर. हे मला पयल्या दिवशी करता येत हुतं.

दुकानदाराकडं जाऊन आलो. म्हनलं, तुझं घासलेट चांगलं हाय. तो घाबरला.

काड्यांचं मातुर बोललो न्हाई. ते बघू.


१० जानेवारी

चांदबीनं एक सांगितलं, ते मला सुचलं न्हवतं. म्हनली, "जमिनीतनं हिव येतं, भितीतनं येतं. तुमी नुसतं जाळीला धरून बसला." तोडनीवाल्यांकडनं उसाचं पाचट आनलं. खाटंखाली जाड थर टाकला, पत्र्यावर बी अंथरलं, वर दगडं. खाट भितीपासनं हात-दोन हात ओढली. बरं झोपलो. पाचटात रात्री कायतरी खुसखुस करतं. करू दे, तेवढीच सोबत.

ती रोज येती. काड्या अजून सादळल्याल्याच हायेत म्हनं. मी इचारत न्हाई. इस्तू देतो.

कानिफ चार दिसांवर आला. ती सांगनार का न्हाई कळंना. सांगितलं तर तिची चूक न्हाई.


१४ जानेवारी

कानिफ सकाळच्या गाडीनं आला. तिळगूळ आनला, माझ्यासाठी कानटोपी आनली. आल्या आल्या घर बघत फिरला. जाळीखाली भितीला शेनमातीच्या लिंपनाचे डाग. "हे काय आबा?"

"उंदीर."

"येवढ्या उंचावर?"

"इथले उंदीर चढत्यात."

मग माझ्याकडं बघत बसला. म्हनला, "बारीक झालाय तुमी." ठरवूनच आल्ता. गिऱ्हाईक बी बघून ठेवलंय, कारखान्यातला एक कारकून.

तेवढ्यात चांदबी तीळ घेऊन आली. सुगडं नसत्यात तिच्यात, पन मनकर्णेला दरवर्सी तीळ द्यायची. कानिफनं तिलाच इचारलं, "मौशी, तुमी खरं सांगा. कसे राहत्यात हे?"

बॉयलरचा दाब लाल रेघेवर गेल्यागत झालं मला.

चांदबीनं माझ्याकडं बघितलं बी न्हाई. म्हनली, "कसे म्हनजे? खेकसत्यात. तंबाकू खात्यात. रोज सकाळी माझ्या आधी उठून शेगडी पेटवत्यात." मग म्हनली, "बाबा, तू त्यांना नेनार हायेस व्हय? मग माझ्या चुलीचं कसं? त्यांच्या इस्तवाबिगर माझी चूल पेटत न्हाई."

कानिफ हसला. "मौशी, चुलीसाठी आबांना इथं ठेवू व्हय?"

"ठेव की. कशासाठी तरी ठेवायचंच हाय."

तो तीळ खात बसला. जाताना म्हनला, "यंदाचा हिवाळा निभवा. पुढच्या दिवाळीला बघू."

म्हनलं, "बघू न्हाई, ठरलं."

गाडी गेल्यावर बराच वेळ रस्त्यावर उभा हुतो. पोरगं बी वाळलंय. त्याला बी कोन इचारतंय तिथं.


१९ जानेवारी

आज ती आली न्हाई.

निखारे काढून राखेत झाकून ठेवले. ऊन ओट्यावर आलं. चहा दोनदा केला. परत निखारे काढले. मग म्हनलं, उगा वाट काय बघायची, तिचं खापर न्हाई तर माझं घमेलं हाय. घमेल्यात इस्तू भरला अन् गेलो. तिच्या घरात आतपातुर मी कवा गेलो न्हाई, दळन बी दारातनंच घेतलं हुतं.

बाहेरनं हाक मारली. आतनं आवाज आला, "ताप हाय वो. या आत, दार लोटलंय."

खाटंवर गोधडीत पडल्याली. घमेलं तापलं हुतं, हाताला चटके. म्हनलं, "इस्तू आनलाय. चूल कुठं?"

तिनं तोंडावर गोधडी ओढली.

कोपऱ्यात चूल दिसली. चुलीत कोंबडी बसल्याली. खाली गवत, गवतात अंडी. राखेचा कन न्हाई, काळं म्हनून न्हाई, लिंपून स्वच्छ केल्याली चूल. मी वाकलो तर कोंबडीनं हातावर चोच मारली. शेजारी घासलेटचा वातीचा स्टो, त्यावर चहाचं भांडं. वर फळीवर मी दिल्याली काड्याची पेटी. कागद फोडल्याला बी न्हाई.

घमेलं घेऊन तसाच उभा राहिलो. म्हनलं, "स्टो कवाचा हाय?"

गोधडीतनं म्हनली, "सत्तारनं उन्हाळ्यात आनला."

"मग माझा इस्तू?"

"अंगनात ओतायची. कोंबड्या शेकायच्या."

कोळसा काय फुकट येतो का, हे तोंडावर आलं हुतं. तेवढ्यात तीच म्हनली, "भाभी सांगून गेल्या. म्हनल्या, त्यांना कसे हाव म्हनून इचारू नको, अंगावर येत्यात. कायतरी मागत जा. मागितलं की देत्यात."

कोंबडी बघत हुती माझ्याकडं. मी आधी खिडकी उघडली. मग घमेलं खाटंच्या पायाशी ठेवलं. स्टोवर चहा केला. असला मिळमिळीत जाळ मी जन्मात बघितला न्हाई, पन चहा झाला. गूळ जास्त घातला. तिनं पिला. म्हनली, "पानी कमी पडलंय."

"ताप हाय तुला, चव काय कळनार."

भीमाला पाठवून सत्तारला निरोप धाडला. निघताना उंबऱ्यात थांबलो. उद्या कशाला येतोय ते सांगायला पायजे हुतं. उगाच कसं यायचं?

म्हनलं, "चांदबी, माझी चहापत्ती संपलीय. उद्या सकाळी येतो वाईच मागायला."

म्हनली, "या. रोजच लागंल ना?"

"रोजच."

घरी येऊन डबा उघडून बघितला. काठोकाठ भरलाय, परवाच आनलेली.

शेरा: डबा पाचटाखाली ठेवला. दिसू नये असा.